बेरीज जास्त, तरी निवड मित्राची : वेटेजचं गणित समजून घे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसला आलेल्या एका कंपनीने चार टप्प्यांत निवड केली. मला अ‍ॅप्टिट्यूडमध्ये १०० पैकी ८८, कोडिंगमध्ये ५० पैकी २४, टेक्निकल इंटरव्ह्यूमध्ये ५० पैकी ३२ आणि संवादकौशल्यात २५ पैकी २१ गुण मिळाले. बेरीज १६५. माझ्या मित्राला अनुक्रमे ६४, ४१, ३६ आणि १५, म्हणजे एकूण १५६. तरी निवड त्याची झाली. टीपीओ (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) सर म्हणाले, वेटेज, म्हणजे अंतिम स्कोअरमधलं प्रत्येक टप्प्याचं वजन, २०-४५-२५-१० असं होतं. बाबांना वाटतं, इंटरव्ह्यूत वशिला लागला. तसं असेल का? दीड महिन्यात दुसरी कंपनी येणार आहे, मी भर कशावर देऊ? माझी ताई बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेला बसते आहे. तिथेही असंच असतं का?

उत्तर : आधी बाबांची शंका. तू दिलेल्या आकड्यांत निकालाचं सरळ कारण दिसतं. त्यासाठी वशिला धरायची गरजच पडत नाही. वही घे आणि बाबांना शेजारी बसवून हे गणित कर.

प्रत्येक टप्प्याचे गुण आधी टक्क्यांत आणायचे आणि मग त्या टप्प्याच्या वेटेजने गुणायचे. तुझं अ‍ॅप्टिट्यूड ८८ टक्के, वेटेज २०, म्हणजे १७.६. कोडिंग ४८ टक्के, वेटेज ४५, म्हणजे २१.६. इंटरव्ह्यू ६४ टक्के, वेटेज २५, म्हणजे १६. संवादकौशल्य ८४ टक्के, वेटेज १०, म्हणजे ८.४. झाले ६३.६. मित्राचे याच क्रमाने १२.८, ३६.९, १८ आणि ६, म्हणजे ७३.७. साध्या बेरजेत तू ९ गुणांनी पुढे होतास, वेटेज लावल्यावर १०.१ ने मागे गेलास. वेटेज लावल्यावर इंटरव्ह्यूतला तुमच्यातला फरक आहे फक्त २ चा. कोडिंगमधला आहे १५.३ चा. तुम्हा दोघांना इंटरव्ह्यूत अगदी सारखे गुण मिळाले असते, तरी मित्रच पुढे राहिला असता.

यात अन्याय झाला का? वेटेज परीक्षेआधी ठरलेलं असेल तर नाही. रोज कोड लिहिण्याचं काम असेल तर कंपनीने कोडिंगला सर्वांत जास्त वजन द्यावं, हेच योग्य. मात्र गुण हातात आल्यावर वेटेज ठरवणं चुकीचं आहे, कारण मग हवा तो माणूस वर आणता येतो. म्हणून पुढची कंपनी येण्याआधी टीपीओ सरांना कंपनीकडे लेखी विचारायला सांग : कोणत्या टप्प्याला किती वेटेज, कोणत्या टप्प्यात किमान गुणांची अट आहे, आणि आधीच्या फेरीचे गुण पुढे धरतात की तिथेच सोडून देतात. कॉलेजच्या वतीने विचारलं की बऱ्याच कंपन्या सांगतात.

किमान गुणांची अट वेगळी लक्षात ठेव. नुसतं वेटेज असेल तर एका विषयातली उणीव दुसरा विषय भरून काढतो. कटऑफ, म्हणजे किमान गुणांची अट, असेल तर तशी भरपाई होत नाही. तुझ्या कंपनीने कोडिंगला ५० टक्क्यांची अट ठेवली असती, तर २५ ला एक गुण कमी पडून तू तिथेच थांबला असतास आणि अ‍ॅप्टिट्यूडचे ८८ कुणी पाहिलेही नसते.

आता तुझ्या दीड महिन्याचं बोलू. एक गुण वाढला तर अंतिम स्कोअरमध्ये किती भर पडते, हे काढ. टप्प्याच्या वेटेजला त्याच्या कमाल गुणांनी भागायचं. अ‍ॅप्टिट्यूडचा एक गुण म्हणजे ०.२०, कोडिंगचा ०.९०, इंटरव्ह्यूचा ०.५०, संवादकौशल्याचा ०.४०. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये तू १०० पैकी १०० मिळवलेस तरी ६६ वरच थांबतोस. कोडिंगमध्ये १२ गुण वाढवून ३६ केलेस तर ७४.४ होतात आणि तू मित्राच्या पुढे जातोस. मुलं नेमकं उलट करतात. जे जमतं तेच पुन्हा पुन्हा सोडवत बसतात, कारण त्यात बरं वाटतं. तू अ‍ॅप्टिट्यूडला आठवड्यातून एक सराव-पेपर एवढाच वेळ दे. मोकळा झालेला वेळ कोडिंगला जाऊ दे.

कोडिंगमध्ये ४८ टक्क्यांवर अडकणाऱ्या मुलांना प्रोग्राम लिहिता येत नाही असं सहसा नसतं. ऑनलाइन परीक्षेत एका प्रश्नाचे गुण अनेक टेस्ट केसमध्ये (प्रोग्राम तपासायला दिलेल्या वेगवेगळ्या इनपुटमध्ये) विभागलेले असतात. स्क्रीनवर दिसणाऱ्या नमुना केसला बहुतेकदा शून्य किंवा अगदी थोडे गुण असतात, खरे गुण लपवलेल्या केसना असतात. ‘रन’ केल्यावर सगळं हिरवं दिसतं, मुलगा पुढच्या प्रश्नाकडे वळतो आणि निकालात निम्मे गुण येतात. लपवलेल्या केस तीन ठिकाणी पाडतात. पहिलं, वेळ. प्रश्नात आकड्यांची संख्या एक लाखापर्यंत दिली असेल आणि तू लूपच्या आत लूप लिहिलास, तर हजार कोटी क्रिया होतात. सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला साधारण दहा कोटी साध्या क्रियांचा अंदाज धरतात, म्हणजे एक-दोन सेकंदांच्या मर्यादेत हे बसणं अशक्य. तिथे आधी सॉर्ट करणं किंवा हॅशमॅप (हवी ती नोंद थेट शोधून देणारी रचना) वापरणं हाच मार्ग. दुसरं, ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या ठरलेल्या जागेत न मावणं. जावा किंवा सी प्लस प्लसच्या ३२ बिटी इंटमध्ये सुमारे २१४ कोटी ७४ लाखांपर्यंतचीच संख्या मावते. एक लाख गुणिले एक लाख केलंस की उत्तर मुकाट्याने चुकतं, एररसुद्धा येत नाही. जावात लाँग, सी प्लस प्लसमध्ये लाँग लाँग वापर. पायथनमध्ये ही अडचण नाही, पण तिथे रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची) मर्यादा मुळात १००० असते, ती आडवी येते. तिसरं, टोकाच्या केस : एकच घटक, सगळे घटक सारखे, सगळे ऋण, रिकामी स्ट्रिंग. सबमिट करण्याआधी या चारही हाताने चालवून पाहायच्या.

म्हणून प्रश्न उघडला की गोष्ट वाचण्याआधी खाली दिलेल्या मर्यादा वाच. कोणती पद्धत चालेल हे अर्धं तिथेच ठरतं. रोज दोन प्रश्न घड्याळ लावून सोडव. पूर्ण जमत नसेल तर साधी, हळू चालणारी पद्धत लिहून सबमिट कर, कारण केसनुसार गुण मिळत असतील तर छोट्या केसचे गुण पदरात पडतात. कोरा प्रश्न सोडू नकोस.

इंटरव्ह्यूबद्दल थोडी वेगळी गोष्ट सांगायची आहे. कागदावरचं वेटेज आणि प्रत्यक्ष पडणारा फरक नेहमी एक नसतो. समज, इंटरव्ह्यूत पॅनेलने सगळ्यांना ५० पैकी ३० ते ३८ च्या दरम्यान गुण दिले. मग सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या मुलात २५ पैकी फक्त ४ चा फरक पडतो. कोडिंगमध्ये गुण ५ ते ४८ पसरले असतील तर तिथे ३८.७ चा फरक पडतो. अ‍ॅप्टिट्यूडचे ५० ते ९० असतील तर ८ चा. म्हणजे २० वेटेजचा टप्पा २५ वेटेजच्या टप्प्यापेक्षा जास्त मुलं वरखाली करतो. जिथे गुण पसरलेले असतात तिथे निवड ठरते. टीपीओ ऑफिसमध्ये मागच्या ड्राइव्हची (कॅम्पस निवडीची) गुणपत्रकं असतील तर नावं झाकून आकडे बघायला माग.

तरी इंटरव्ह्यू हलक्यात घेऊ नकोस. निवड झालेली माणसं पुढे कामात कशी ठरतात, यावरच्या संशोधनाचा मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरआढावा घेतला. त्यात सगळ्यांना तेच प्रश्न आणि तीच मोजपट्टी लावून घेतलेला इंटरव्ह्यू सर्वांत वर आला. अशा इंटरव्ह्यूत प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ असे गुण असतात. प्रोजेक्टबद्दल विचारलं की मुलं ‘आम्ही केलं’ म्हणतात आणि पॅनेलला २ च्या वर देता येत नाही. तू लिहिलेला भाग कोणता, तीच पद्धत का निवडलीस, काय बिघडलं आणि कसं सुधारलंस, हे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत मोठ्याने बोलून तयार कर.

एक तांत्रिक चूकही सांगतो, कारण कॉलेजच्या मॉक ड्राइव्हमध्ये ती सर्रास होते. एक्सेलमध्ये गुण टक्क्यांत न आणता थेट वेटेजने गुणतात. तुझ्याच उदाहरणात असं केलं तर १०० गुणांच्या अ‍ॅप्टिट्यूडचं वजन २० वरून सुमारे ३५ टक्के होतं, कोडिंगचं ४५ वरून ३९ आणि संवादकौशल्याचं १० वरून साडेचारच्याही खाली. पूर्ण गुण मिळवणाऱ्याचा स्कोअर १०० ऐवजी ५७.५ आला, तर ही चूक झाली असं समज.

आता ताईसाठी. आयबीपीएस (सरकारी बँकांसाठी एकत्रित भरती परीक्षा घेणारी संस्था) पीओच्या पूर्वपरीक्षेचे गुण फक्त पुढे जाण्यापुरते असतात, अंतिम यादीत ते धरत नाहीत. अंतिम यादी मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांच्या ८०:२० प्रमाणावर लागते. मुलाखत १०० गुणांची, म्हणजे तिथला एक गुण अंतिम स्कोअरमध्ये ०.२० चा. स्टेट बँकेच्या पीओला अलीकडच्या जाहिरातींत मुख्य परीक्षेचे २५० गुण ७५ वर आणि तिसऱ्या टप्प्याचे ५० गुण २५ वर आणतात. हिशेब केला तर मुख्य परीक्षेचा एक गुण ०.३० चा आणि शेवटच्या टप्प्याचा ०.५० चा पडतो. त्यामुळे स्टेट बँकेसाठी या शेवटच्या टप्प्यातल्या ग्रुप एक्सरसाइज आणि मुलाखतीची तयारी मुख्य परीक्षेच्या निकालापर्यंत लांबणीवर टाकू नये. नमुना बदलत असतो, म्हणून त्या वर्षीची जाहिरात डोळ्यांखालून घालायलाच हवी.

बँकांच्या परीक्षेत साधारणपणे पाच पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. डोळे मिटून ठोकलं तर सरासरी लाभ शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर प्रश्नामागे ०.०६ चा लाभ, दोन बाद झाले तर ०.१७ चा. ताईला सांग, दोन पर्याय कटले असतील तर उत्तर द्यायचं, एकही कटला नसेल तर तो प्रश्न सोडून पुढे जायचं.