अठ्ठेचाळीस हजारांचं एस्टिमेट

सोलापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला एस्टिमेटचा फोटो पाहिला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 32,000, ऑक्सिजन सेन्सर 4,500, मधला पाइप 4,000, मागचा सायलेन्सर 5,500, मजुरी 2,500. एकूण 48,500. "काका, एवढं असतं का?" असं विचारलंयस. असतं. ओरिजिनल कन्व्हर्टरचा भाव ऐकून कुणालाही घाम फुटतो, कारण धुरातले विषारी वायू साफ करणाऱ्या त्या डब्यातल्या सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर असतो. तेव्हा नुसत्या आकड्यावरून तुला फसवतायत असं मी म्हणणार नाही. मला खटकतंय ते वेगळंच. या पाच ओळींपैकी कुठल्या ओळी गाडीखाली शिरून, बॅटरी मारून लिहिल्यात आणि कुठल्या नुसता स्कॅनरवरचा कोड बघून? हे तू त्यांना विचारलेलं दिसत नाही.

पण त्याआधी एक सांग, आणि उशीर न करता सांग. गाडीत बसल्यावर धुराचा वास येतो का? काचा लावून अर्धा तास चालवल्यावर डोकं जड होतं, मळमळतं? आपल्याकडच्या उन्हात असं झालं की माणूस "ऊन लागलं" म्हणून लिंबूपाणी पितो आणि विसरून जातो. पाइप सीटखाली फुटला असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. असं काही जाणवत असेल तर बाकीचं पत्र नंतर वाच. गाडी उभी कर आणि निदान गळती तरी आधी बंद करून घे. आईला घेऊन अक्कलकोटला जायचं म्हणत होतीस, ते एसटीने जा.

तसं काही नसेल तर घाई नाही. गाडी चालतेय, आवाज करतेय, इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय, एवढंच आहे. "आजच बदला, नाहीतर इंजिन जाईल" असं काउंटरवर म्हणाले असतील तर त्याचं कारण विचार. कन्व्हर्टर आतून चोक झाला तर इंजिनाला त्रास होतो हे खरं, पण मग गाडी ओढत नाही, ॲक्सिलेटर दाबला तरी दम लागल्यासारखी करते. तुझी गाडी पुणे नाक्याच्या पुलावर तिसऱ्या गिअरवर नीट चढते, हे तूच सांगितलंयस.

आता मूळ दुखण्याकडे. तुझं रोजचं जाणं-येणं जुळे सोलापूर ते सात रस्ता. दहा मिनिटांत गाडी बंद. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ते पाणी उडून जातं. तुझ्या दहा मिनिटांत ते मागच्या डब्यात साचतं आणि पत्रा आतून खातं. म्हणून सोलापूरसारख्या कोरड्या गावातही सायलेन्सर सडतो. मागचा डबा आणि मधला पाइप गेलाय असं ते म्हणतात ते मला पटतं. या दोन ओळींबद्दल माझं भांडण नाही. फक्त गाडी रॅम्पवर घ्यायला लाव आणि भोक स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

भांडण आहे ते कन्व्हर्टरचं. तुझ्या फोटोत कोपऱ्यात पी-0420 लिहिलंय. या कोडचा अर्थ एवढाच, की कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही असं कॉम्प्युटरला वाटतंय. गाडीतला कॉम्प्युटर हे ठरवतो धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या दोन सेन्सरवरून, एक कन्व्हर्टरच्या आधी आणि एक नंतर. पुढच्याचं व्होल्टेज सारखं वरखाली होतं, साधारण 0.1 ते 0.9. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर मागच्याचं जवळजवळ स्थिर राहतं. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला की कोड येतो. पण त्या सेन्सरच्या आसपास पाइपला भोक किंवा सांध्यातल्या गॅस्केटला फट असेल, तर धुराच्या दोन झोतांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं सांगू लागतो. म्हणजे दोन-चार हजारांच्या गळतीमुळे बत्तीस हजारांच्या डब्यावर आळ आलेला असू शकतो. असेलच असं नाही. पण पाइप फुटकाच ठेवून कन्व्हर्टरचा निकाल लावता येत नाही, आणि तुझ्या एस्टिमेटमध्ये नेमकं तेच केलंय.

मी असतो तर आधी गळती बंद केली असती. मधला पाइप आणि मागचा डबा बाहेरच्या कंपनीचे चांगले मिळतात, सायलेन्सरचंच काम करणाऱ्याकडे दे. पाइपचा पत्रा जाड असेल आणि भोक एकाच जागी असेल तर वेल्डिंगही चालेल. पत्रा बोटाने दाबल्यावर चुरायला लागला असेल तर वेल्डिंग धरणार नाही, पैसे वाया. आणि वेल्डिंग गाडीवरच करणार असतील तर आधी बॅटरीची वायर काढायला सांग. काही जण काढत नाहीत, मग ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेला की पुन्हा नवं एस्टिमेट.

मग कोड पुसायचा, आठवडाभर चालवायची, त्यात एक फेरी मोहोळपर्यंत मोकळ्या रस्त्याने. परत येताना, इंजिन तापलेलं असतानाच पीयूसी करून घे. कन्व्हर्टर साधारण 300 अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून गार गाडीची पीयूसी काढून काही कळत नाही. सर्टिफिकेट खिशात घालून निघू नकोस, आकडे वाच. तुझी गाडी 2015 ची. बीएस-4 हे धुराच्या मर्यादांचं मानक देशभर 2017 ला आलं, पण ते 2010 मध्येच लागू झालेल्या शहरांच्या यादीत पुण्या-मुंबईबरोबर सोलापूरही होतं, तेव्हा गाडी बीएस-4 च असणार. आरसीवर बघून घे. त्या गाड्यांना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 200 पीपीएम. आकडा शून्याजवळ आला आणि दिवा परत लागला नाही, तर बत्तीस हजार वाचले. दिवा परत लागला, तर स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी दाखवायला सांग. मागचा तेव्हाही नाचत असेल तर कन्व्हर्टर गेला, मान्य करायचं.

मान्य केलं तरी एक प्रश्न उरतो, का गेला? कन्व्हर्टर बहुतेक वेळा स्वतःहून मरत नाही. प्लग मिसफायर करत असेल तर न जळलेलं पेट्रोल आत जाऊन जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर थर झाकला जातो. हे न बघता नवा बसवला तर तोही जाईल. तू दर महिन्याला ऑइल टॉप-अप करतेस का, ते मला कळव.

कोणीतरी सांगेलच, "मॅडम, कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकू, तीन हजारांत काम." नको. पीयूसीत अडकशील, मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्सवर गंडांतर. शिवाय तुझा जुना कन्व्हर्टर भंगारात विकून ते वर पैसे कमावतील. जुना पार्ट तुझा आहे. नवा बसवलास तर जुना मागून घे किंवा त्याची किंमत बिलातून वजा करायला लाव.

बिलाचंही बघ. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर वेगळा जीएसटी लावला असेल तर बोट ठेव. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर 18 टक्के आहे, जुन्या 28 टक्क्यांचं एस्टिमेट चालवून घेऊ नकोस.

गाडी विकायचा विचार करत होतीस. बाजारात तिला पावणेदोन लाख आले तरी खूप. सहा महिन्यांत विकणार असशील तर ओरिजिनल कन्व्हर्टरचे पैसे परत निघणार नाहीत. 2030 ला आरसीची पंधरा वर्षं भरेपर्यंत वापरणार असशील तर हिशेब बदलतो, मग मी ओरिजिनलच टाक म्हणेन. स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये धातूचा थर पातळ असतो, कोड थोड्याच दिवसांत परत येतो. हे तुझं तू ठरव, त्यात मी पडणार नाही.

गॅरेजवाल्याशी भांडू नकोस. "आधी गळती काढा, कन्व्हर्टरचं नंतर बघू" एवढंच म्हण, आणि ते कसं घेतात ते बघ. चांगला मेकॅनिक याला हो म्हणतो.

रविवारी सकाळी मीच येतो. मी येईपर्यंत गाडी सुरू करू नकोस, ती रात्रभर गार पडलेली हवी. गार इंजिन सुरू करून मागच्या नळीला ओलं फडकं धरलं की गळती फुसफुसून स्वतःची जागा सांगते, आणि तापल्यावर पत्रा फुगून लहानसहान फटी बंद होतात. जुनं जाड फडकं काढून ठेव, आणि बॉनेटपाशी कान लावायला भावाला उठव.

तुझा,
काका