मानसिक आजार असूनही मोठं काम केलेली माणसं कोण? भावाला सांगायचं आहे

तुमच्या भावाला स्किझोफ्रेनिया निघालाय आणि त्याला धीर येईल अशी नावं तुम्ही विचारलीत. माझ्या काकांना पण हाच आजार आहे म्हणून लिहायला बसलो. आम्ही बेळगावचे, काका उद्यमबागेत लेथवर असतात. आमच्याकडं कुणी विचित्र वागलं की "ह्याला धारवाडला न्या" म्हणतात, कारण जुनं मेंटल हॉस्पिटल तिथं, आणि गल्लीतल्या त्या बोलण्याला भिऊन घरच्यांनी पहिली दोन वर्षं गंडेदोऱ्यात घालवली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पहिलं नाव जॉन नॅश. 1950 ला अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात गेम थिअरीवर, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेले निर्णय कसे घेतले जातात त्याच्या गणितावर, पीएचडी केली, प्रबंध तीस पानांचा पण नाही. 1959 ला ह्याच आजारानं गाठलं, नोकरी गेली, हॉस्पिटलच्या वाऱ्या झाल्या, 1963 ला घटस्फोट. पण 1970 ला त्याच बायकोनं, अॅलिशियानं, त्यांना परत घरात घेतलं, प्रिन्स्टनमध्ये ते दिवसभर फिरायचे, फळ्यावर कायकाय लिहायचे आणि कुणी हाकलत नव्हतं. हळूहळू सावरले आणि 1994 ला तरुणपणच्या त्याच कामाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मात्र नॅशनी 1970 नंतर औषधं घेतली नव्हती, ते वाचून भावानं गोळ्या बंद करायच्या नाहीत हे त्याला आत्ताच सांगा. काकांनी एकदा बंद केल्या आणि महिन्याभरात झोप गेली, एकटेच बोलायला लागले, परत पहिल्यापासून सुरुवात.

दुसरे आपल्याच देशातले वशिष्ठ नारायण सिंह, बिहारच्या बसंतपूर गावच्या पोलीस कॉन्स्टेबलचा मुलगा, 1969 ला अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून गणितात पीएचडी. विषय तोच, आजार तोच. पण 1989 ला हा माणूस हरवला तो 1993 ला सापडला, मधली चार वर्षं कुठं काय खाल्लं देव जाणे. नंतर भावाच्या घरी राहिले, वही पेन्सिल कायम हातात. 2019 ला गेले आणि पद्मश्री गेल्यावर मिळाली. ही गोष्ट वाचताना माझ्या घशाशी येतं.

तिसरा चित्रकार व्हॅन गॉग, त्याच्याबद्दल लोक म्हणतात वेडाच्या भरात चित्रं काढली, ते मला पटत नाही. 1889 ला स्वतःहून सेंट रेमीच्या दवाखान्यात गेले, वर्षभरात दीडशेच्या आसपास चित्रं केली, पण झटका आला की आठवडेच्या आठवडे काम बंद पडायचं, चित्रं झाली ती बऱ्या दिवसांत. आणि पैसे, रंग, कॅनव्हास पुरवत होता तो धाकटा भाऊ थिओ.

आमच्या काकांचं तसंच आहे. आजीनं कुंद्याच्या रिकाम्या डब्यात त्यांच्या गोळ्या ठेवल्यात, जेवण झालं की डबा ताटाशेजारी येतो, आणि बऱ्या दिवशी मायक्रोमीटर लावून जॉब असा काढतात की मालक दुसऱ्याला हात लावू देत नाही. मी त्यांना नॅशचं सांगितलं तेव्हा नोबेलचं काहीच बोलले नाहीत, एवढंच विचारलं, "तेवढी वर्षं त्याला जेवायला कोण घालत होतं?"

तेव्हा भावाला नावं सांगाच, पण तारखेला डॉक्टरकडं जाताना त्याच्याबरोबर कुणीतरी जा, फाईल तुमच्याकडं ठेवा. रात्री अपरात्री काही सुचेना झालं तर 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास चालू असतो.