वाचक विचारतात : खिंडसीच्या पाण्यावर

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून माझी बहीण सहकुटुंब नागपूरला येत आहे. अंबाझरी आणि फुटाळा त्यांनी मागच्या खेपेस पाहिले असल्यामुळे यंदा रामटेकला जाऊन खिंडसी तलावात बोटीने फिरावे, असे ठरले आहे. सोबत माझ्या ७२ वर्षांच्या सासूबाई असतील आणि बहिणीची सहा वर्षांची मुलगीही. सकाळी रामटेकचा गड करून जेवण आटोपल्यावर दुपारी बोटीत बसावे, असा आमचा बेत आहे. मात्र दुपारी खिंडसीचे पाणी ‘उसळते’, असे माझ्या दिरांनी सांगितल्यापासून सासूबाई कचरल्या आहेत. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आपल्या दिरांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते केवळ खिंडसीपुरते नव्हे. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसून राहते, त्यामुळे उंचावरून वाहणारा वारा पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि पहाटे तलाव आरशासारखा स्थिर दिसतो. ऊन चढले की तापलेली हवा वर जाऊ लागते, तिच्या जागी वरची वेगवान हवा खाली येते आणि साधारण अकरानंतर पाण्यावर सुरकुत्या उमटू लागतात. त्या सुरकुत्यांची लाट किती मोठी होणार, हे वाऱ्याच्या जोराइतकेच वाऱ्याच्या दिशेने पसरलेल्या मोकळ्या पाण्याच्या लांबीवरही अवलंबून असते. घरामागच्या तळ्यात ज्या वाऱ्याने पानही हलत नाही, तोच वारा खिंडसीसारख्या विस्तीर्ण जलाशयाच्या पलीकडच्या काठाशी बोट डोलवू शकतो. दिवाळीच्या दिवसांत हा वारा सहसा घाबरण्याजोगा नसतो. तथापि ज्येष्ठ व्यक्तीला बोटीत चढण्या-उतरण्याच्या क्षणी तो नकोसा होतो, कारण अपघाताची शक्यता भर पाण्यापेक्षा धक्क्यापाशीच अधिक असते. एक पाय धक्क्यावर आणि दुसरा हलत्या बोटीत, अशी स्थिती दोन सेकंदांपेक्षा अधिक काळ राहू देऊ नये.

म्हणून आपला बेत उलटा करावा, असे मी सुचवीन. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर या मार्गाने रामटेक सुमारे पन्नास किलोमीटर आहे. सकाळी सातच्या आत निघालात, तर बोटी सुरू होताच आपण धक्क्यावर असाल. आधी खिंडसी, मग गड. गडावर ऊन लागेल हे खरे. परंतु मंदिराच्या ओवऱ्यांत सावली मिळते, पाण्याच्या मधोमध ती मिळत नाही.

खिंडसी हा नैसर्गिक तलाव नाही, हेही पाहुण्यांना अवश्य सांगावे. सूर नदीवर इंग्रजी अमदानीत, १९१३ च्या सुमारास, सिंचनासाठी बांधलेल्या धरणाचा तो जलाशय आहे. टेकड्यांच्या खिंडीत पाणी अडवले गेल्याने त्याचे काठ सरळ नाहीत, ते आत-बाहेर वळत जातात, आणि बोटीतून जाताना दर वळणावर निराळा देखावा समोर येतो, ही त्याची खरी शोभा. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. ते सर्वांनी मान्य केले आहे असे नाही. तरी टेकडीवर टेकलेला ढग बोटीतून पाहताना त्या वादात कोणता पक्ष घ्यावा, याविषयी माझ्या मनात फारसा संशय उरत नाही.

प्रश्न : बोटीवर ‘क्षमता १२’ असे लिहिलेले असते आणि बसवतात पंधरा. नावाडी म्हणतो, ‘तीन माणसांनी काय होतं?’ खरोखर काय होते? आणि लहान मुलांना मोठ्यांचेच लाइफ जॅकेट देतात, ते चालते का?
— एक वाचक, महाल

उत्तर : सोपे गणित करून पाहू. पाच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, चौकोनी तळाची बोट धरली, तर तिने व्यापलेले पाण्याचे क्षेत्र साडेसात चौरस मीटर होते. अशी बोट एक सेंटिमीटर खाली दाबायला ७५ किलो वजन लागते, म्हणजे एक भरदार माणूस. निमुळत्या टोकांची बोट याहून थोडी अधिकच दबते. तेव्हा तीन जादा माणसांनी बोटीचा काठ पाण्याच्या जवळपास तीन सेंटिमीटर आणखी जवळ येतो. नावाड्याला हे क्षुल्लक वाटते, कारण स्थिर पाण्यात ते क्षुल्लकच असते. परंतु हीच माणसे फोटो काढण्यासाठी एकदम उभी राहून एका बाजूला झुकली की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : वजनाचा मध्य वर सरकतो आणि कललेल्या बाजूचा काठ झपाट्याने पाण्याकडे जातो. एकदा काठावरून पाणी आत आले, की ते खालच्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. तिथून बोट सावरणे कठीण होते. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली शाळकरी मुले घेतलेली बोट उलटली. तीत क्षमतेपेक्षा अधिक जण होते आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नव्हते. बारा मुले आणि दोन शिक्षिका दगावल्या.

मोठ्यांचे जॅकेट मुलांना चालत नाही. पाण्यात पडल्यावर ते वर तरंगते आणि मूल त्यातून खाली निसटते. जॅकेट घालून सगळ्या पट्ट्या आवळाव्यात आणि खांद्यांवर पकडून ते वर ओढून पाहावे; ते मुलाच्या कानांपर्यंत आले, तर ते त्याच्यासाठी मोठे आहे. दुसरे मागावे, ते नसेल तर मुलासह काठावर बसून संत्री खावीत. माझ्यावरही एकदा तसा प्रसंग आला होता. एका तलावावर (नाव सांगत नाही) मला मिळालेल्या जॅकेटची बकले तुटलेली होती आणि ‘नुसतं अडकवा, फोटोत दिसतं’ असा सल्लाही वर मिळाला होता. मी तिकिटाचे पैसे सोडून दिले.

प्रश्न : मे महिन्यात मुलांना सुट्टी असते. तेव्हा खिंडसीला जावे का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : शक्यतो जाऊ नये. सिंचनासाठी पाणी सुटत राहिल्याने आणि बाष्पीभवनामुळे उन्हाळ्यात पातळी बरीच उतरते, काठाशी चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि बोटीपर्यंत त्यातून चालावे लागते. शिवाय विदर्भातील मे महिन्याचे ऊन पाण्यावरून परावर्तित होऊन दुप्पट भासते. मुलांची सुट्टीच आड येत असेल, तर नाताळच्या सुट्टीचा विचार करावा. तेव्हा पाणी भरपूर असते आणि भल्या सकाळी गेल्यास चक्रवाकाच्या जोड्याही दिसू शकतात. मात्र बोट त्यांच्या अंगावर नेण्याचा आग्रह नावाड्याकडे धरू नये. इंजिन दूर बंद करायला सांगितले, तर ते उडून जात नाहीत.