शिकारीसाठी वेडर्स (पाण्यात उभं राहायला घालायची वॉटरप्रूफ पँट) कुठले घ्यावेत?

प्रश्न: मी अमेरिकेत आर्कान्सातल्या लिटल रॉकला असतो, ऑफिसातल्या मित्रांबरोबर बदकांच्या शिकारीला जायला लागलोय. छातीपर्यंत येणारे स्वस्तातले वेडर्स घेतले होते, ते मांड्यांच्या मधे गळायला लागले. आता टिकाऊ घ्यायचेत, निओप्रीन (जाड, रबरी फोमचे) की ब्रीदेबल (घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ कापडाचे)?

उत्तर: आर्कान्सात तुम्ही पाणी भरलेल्या जंगलात उभे राहणार, खाली ओंडके, फांद्या, काटेरी वेली, त्यामुळे आधी गुडघे आणि नडगीवर जाड कापडाचा डबल थर आहे का ते बघा, ब्रँड नंतर. ५ मिमी निओप्रीन ऊबदार असतं पण लांब चालायचं असेल तर आतून घामाने भिजायला होतं, म्हणून मी तरी ब्रीदेबलच घ्या म्हणेन, आत थर्मल घालायचं. बूट जोडलेलेच घ्या, चिखलात बरे पडतात.

गळती बहुतेक शिवणीतच सुरू होते, मांड्यांच्या मधे घासून घासून. दुकानात घालून उकिडवं बसून बघा, तिथे ताण आला तर एक साइज मोठा घ्या. जुने टाकू नका हो! अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावला की बारीक भोकं चमकतात, तिथे खूण करायची, पूर्ण वाळवून युरेथेन ग्लू (लवचिक वॉटरप्रूफ गोंद) लावायचा आणि रात्रभर सुकू द्यायचं.

आणि कमरेचा बेल्ट घट्ट बांधाच, पडलात तर पाणी आत पटकन शिरत नाही, ह्यात अजिबात हयगय नको.