वाचकांचे प्रश्न: चाली जुळल्या म्हणजे इंजिन चोरलं का?

प्रश्न: सर, सप्रेम नमस्कार. मी आणि माझा मित्र इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्ट म्हणून आम्ही बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, लिहिलं आणि कॉलेजच्या स्पर्धेत ते पहिलं आलं. हरलेल्या एका गटाने लगेच तक्रार केली, की आमच्या इंजिनच्या बऱ्याच चाली स्टॉकफिश या नावाजलेल्या खुल्या इंजिनाशी जुळतात, म्हणजे ते चोरलेलं आहे. विभागाने निकाल रोखून ठेवलाय. खरं सांगायचं तर आम्ही फ्रूट आणि स्टॉकफिश या दोन्ही इंजिनांचा कोड वाचला होता. चाली शोधणारा भाग आमचा आम्ही लिहिला. पण कुठल्या घरात कुठल्या मोहऱ्याला किती गुण, याचे तक्ते इंटरनेटवरून घेतले, आणि वेळेचा हिशेब करणारं फंक्शन मित्राने स्टॉकफिशमधून उचलून थोडं बदललं. आम्ही चोर ठरतो का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर: आधी तक्रारीचं बघू. नुसत्या चाली जुळणं हा चोरीचा पुरावा नाही. फुकट मिळणारा घोडा कुठलंही धड इंजिन मारणारच, आणि तीन चालींत मात दिसत असेल तर ती सगळ्यांनाच दिसणार. इंजिन जितकं चांगलं खेळेल तितकं ते दुसऱ्या चांगल्या इंजिनासारखं वागेल. जुळणी फारच जास्त असली तर संशय घ्यायला जागा होते, एवढंच. पुढचं सगळं सोर्स कोड उघडून बघायचं असतं, आणि ते बघण्याची मागणी तुम्हीच करायला हवी.

कोड वाचल्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवता येईल यावर निबंध लिहिला, तेव्हापासून हे क्षेत्र एकमेकांचं वाचूनच वाढलंय. अल्फा-बीटा शोध (निरुपयोगी चाली न तपासता सोडून देण्याची पद्धत) किंवा झोब्रिस्ट यांची १९७० ची हॅशिंगची युक्ती (आधी पाहिलेली स्थिती झटकन ओळखण्याची) ही कुणाच्या बापाची मालमत्ता नाही. ती कुणीही वापरावी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय, आणि साहित्यकृतीत हक्क असतो तो लिहिलेल्या मजकुरावर. त्यामागच्या कल्पनेवर नसतो.

आता तुझ्या मित्राने उचललेल्या फंक्शनकडे येतो. त्यासाठी रिबका या इंजिनाचं प्रकरण तुम्हा दोघांना नीट माहीत असायला हवं.

फ्रूट हे फाबियाँ लतूझे या फ्रेंच प्रोग्रॅमरचं इंजिन. २००५ मध्ये त्याची २.१ ही आवृत्ती जीपीएल परवान्याखाली खुली झाली. वाचा, बदला, वाटा, पण पुढे द्याल तेव्हा तुमचाही कोड खुला ठेवा आणि मूळ लेखकाचं नाव पुसू नका, अशी त्याची अट. त्याच वर्षी डिसेंबरात वासिक राजलिच यांच्या रिबकाची पहिली बीटा आवृत्ती आली आणि बघता बघता ती बाकी सगळ्यांच्या पुढे निघून गेली. २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षं रिबकाने संगणक बुद्धिबळाचं जागतिक विजेतेपद घेतलं. फ्रूटचा कोड आपण बारकाईने वाचला आणि त्यातून बरंच काही घेतलं, हे राजलिच यांनी स्वतः सांगितलं होतं. कोड उतरवल्याचा आरोप मात्र त्यांनी कायम नाकारला.

रिबकाचा कोड बंद होता. त्यामुळे तज्ज्ञांना तयार प्रोग्रॅम उलगडून, यंत्रभाषेतून मागे जात तपासावं लागलं. त्यात एक बारीकशी गोष्ट सापडली. फ्रूटमध्ये चालीसाठी ठेवलेला वेळ दशांश संख्येत साठवलेला, म्हणून त्याची तुलना ०.० शी केलेली. रिबकात वेळ पूर्णांकात, तरीही तुलना ०.० शीच! पूर्णांक वापरणारा माणूस आपण होऊन साधं ० लिहील.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, म्हणून मला हे चटकन कळलं. एका कारखान्याची चादर बघून दुसऱ्याने तशी नक्षी काढली तर ती त्याची मेहनत. पण जॅकार्डच्या कार्डावर, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यावर, एक भोक चुकून जास्त पडलंय आणि तोच चुकीचा ठिपका दुसऱ्याच्या चादरीवरही नेमका त्याच जागी उमटलाय, तर जाणकाराला कळतं की कार्डच उचललंय.

अर्थात एका ०.० वर कुणाला दोषी धरू नये, आणि तसं धरलंही नव्हतं. खरा भर होता मूल्यमापनावर: प्याद्यांची रचना, राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांना हालचालीला मिळणारी मोकळीक यांपैकी काय मोजायचं, कसं मोजायचं, याच्या निवडी फ्रूटशी किती जुळतात यावर. या निवडी करण्यातच प्रोग्रॅमरची रात्र-रात्र जाते. दोन माणसांच्या निवडी काही ठिकाणी जुळतील, ओळीने सगळीकडे जुळणार नाहीत. शिवाय रिबकाच्या बीटाआधीच्या आवृत्त्यांत रॉबर्ट हायट यांच्या क्राफ्टी या इंजिनाचा कोड असल्याचाही निष्कर्ष निघाला. जून २०११ मध्ये आयसीजीए या संगणक-खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रिबकाची चारही विजेतेपदं काढून घेतली. प्रवेशिका स्वतःची मूळ कृती असावी, आणि दुसऱ्याच्या कोडवर उभी असेल तर त्या लेखकांची नावं द्यावीत, असा त्यांच्या स्पर्धेचा नियमच होता.

तेव्हा तुमचं काय? मी तुम्हाला चोर म्हणणार नाही. पण वेळेचं फंक्शन स्टॉकफिशचंच आहे. चलांची नावं बदलल्याने ते तुमचं होत नाही. तक्तेही दुसऱ्याच्या मेहनतीचे. तक्रारदारांच्या हाती ते लागण्याआधी दोघांनी जाऊन विभागप्रमुखांना लेखी द्या: हे एवढं घेतलं, इथून घेतलं, बाकीचं आमचं. गिटमधला (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनातला) सगळा इतिहास, चुकलेल्या प्रयत्नांसकट, त्यांच्यापुढे उघडा. कुठलीही ओळ समजावून सांगायला आम्ही तयार आहोत, असं कळवा. ज्याने शोधाचा भाग स्वतः लिहिलाय तो ‘इथे शोधाची खोली एकाने का कमी केली?’ या प्रश्नाला अडखळत नाही. स्टॉकफिश जीपीएलखाली आहे, म्हणून इंजिन कुणाला दिलंत तर संपूर्ण कोड त्याच परवान्याखाली द्या. पहिला नंबर कदाचित जाईल. गेला तर जाऊ दे. ते फंक्शन मात्र या सुट्टीत स्वतः लिहून काढा, चार-पाच दिवसांचं काम आहे.

प्रश्न: आपल्या बोलण्यात पूर्वी एकदा रिबकाचा उल्लेख आला होता. मी वकिली करतो. प्रोग्रॅमरला तहहयात बंदी घातल्याचं ऐकलं. कॉपी केली म्हणून जन्मठेप, हे जरा जास्त वाटत नाही का?
— एक वाचक, सात रस्ता

उत्तर: जास्तच होतं, आणि तुमच्या पेशातला मुद्दाच पुढे निर्णायक ठरला. राजलिच फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नीतिमत्ता आयोगाकडे गेले. २०१५ मध्ये आयोगाने सांगितलं, की तहहयात बंदीला आयसीजीएच्या घटनेत स्पष्ट आधार नव्हता, आणि संघटनेला ताकीद दिली. काढून घेतलेली विजेतेपदं मात्र त्यांना परत मिळाली नाहीत. मला दोन्ही गोष्टी बरोबर वाटतात. नियम मोडून जिंकलेलं पद जायलाच हवं, पण शिक्षा आधी नियमात लिहिलेली हवी, मग आरोपी कितीही दोषी असो. आणखी एक: तपासाच्या सचिवमंडळात हायट स्वतः होते, म्हणजे ज्यांचा कोड उचलल्याचा आरोप तेच. त्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. तरीही त्यांनी साक्ष द्यायला हवी होती, तपास चालवायला नको होता. वर ज्या मुलाचं पत्र आहे त्याच्या कॉलेजने हे जरूर ध्यानात घ्यावं. हरलेल्या गटातल्या कुणालाही चौकशीत बसवू नये.

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे, जिल्हा पातळीवर खेळते. तिच्या क्लासमधल्या एका पालकाने महागडं इंजिन विकत घ्यायला सुचवलंय. घ्यावं का?
— एक आई, होटगी रोड

उत्तर: ताई, नका घेऊ. स्टॉकफिश फुकट आहे आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य इंजिनांत त्याची गणना होते. विकत मिळणारं नेहमी वेगळंच असतं असंही नाही. २०२१ मध्ये चेसबेस या जर्मन कंपनीने फॅट फ्रिट्झ २ नावाचं इंजिन सुमारे शंभर युरोंना बाजारात आणलं. आत स्टॉकफिशच होतं, फक्त न्यूरल नेटवर्क (स्थिती किती चांगली हे ठरवणारा, डावांवरून शिकवलेला भाग) वेगळं आणि आकाराने मोठं. जीपीएलखालचा प्रोग्रॅम विकायला बंदी नाही, पण आत काय आहे ते गिऱ्हाइकाला सांगावं लागतं आणि कोड द्यावा लागतो. ते पाळलं नाही म्हणून स्टॉकफिशचे लेखक म्युनिकच्या न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये समझोता झाला: कंपनीने वर्षभर स्टॉकफिशचा कोड असलेलं काही विकायचं नाही, आणि परवान्यांच्या अटी पाळल्या जातात का हे बघायला माणूस नेमायचा. बिनपगारी, हौसेने लिहिणाऱ्यांनी हे मिळवलं, याचा मला फार आनंद झाला होता.

तुमच्या मुलीने लायचेस या फुकट संकेतस्थळावर आपला डाव घालावा. आधी स्वतः चुका शोधून वहीत लिहाव्यात, मगच इंजिन सुरू करून ताडून बघावं. वाचलेल्या पैशांत तिला हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याच्या रेटिंग स्पर्धेला घेऊन जा.