नववीतली पोरगी मोबाईल बघून रडते

प्रश्न: ताई, आम्ही खानापूरकडचे. मुलगी मराठी शाळेतून आता बेळगावात इंग्लिश मीडियमला गेली, तिचं कन्नड वाचताना अडखळलेलं कुणीतरी रेकॉर्ड केलं आणि फेक इन्स्टा अकाउंटवर टाकलं, खाली सगळी पोरं हसतायत. मोबाईल काढून घेऊ का?

उत्तर: अजिबात नको हो! मोबाईल काढलात की पुढच्या वेळी ती तुम्हाला काही सांगणारच नाही, शिक्षा तिलाच झाली की मग. आधी तिच्याजवळ बसा, उलट उत्तर द्यायचं नाही म्हणा, आणि डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात अकाउंटचं नाव, तारीख, कमेंट सगळं दिसायला पाहिजे, लिंकपण कॉपी करून ठेवा. मग रिपोर्ट, मग ब्लॉक. वर्गशिक्षकांना स्वतः जाऊन भेटा, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण नको, तिथं मूळ विषय राहतो बाजूला आणि मराठी-कन्नड सुरू होतं (आपल्याकडं काय नवीन सांगायचं!). धमकी किंवा घाणेरडे एडिट केलेले फोटो आले तर मात्र शाळेवर थांबू नका, बेळगावात सीईएन पोलीस ठाणं (सायबर गुन्हे बघणारं) आहे, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर घरबसल्यापण तक्रार करता येते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच. आणि हो, हसणाऱ्यांत तिची मैत्रीण असेल तर तेच जास्त लागलेलं असतं, ते हळूच विचारा.