'लॅबरिंथ'मधल्या बाहुल्या आजच्या मुलांना खोट्या वाटतील का?

१९८६चा 'लॅबरिंथ' हा चित्रपट मुलांसोबत बघायचाय, पण संगणकावर घडवलेली पात्रं बघून सरावलेल्या मुलांना त्यातल्या बाहुल्या खोट्या वाटतील का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही तसं वाटत. जरूर दाखवा.

गोष्ट साधी आहे. तान्ह्या भावाला गॉब्लिनांनी, म्हणजे गोष्टींतल्या खोडकर बुटक्या भुतांनी, उचलून न्यावं, असं सारा ही मुलगी रागाच्या भरात बोलून जाते आणि ते खरंच नेतात. मग तेरा तासांत भुलभुलैया पार करून त्याला सोडवायचं. कथा मध्ये थोडी रेंगाळते, पण दिग्दर्शक जिम हेन्सनच्या बाहुल्या तिला उचलून धरतात.

साराला वाटेत भेटणाऱ्या हॉगल या बुटक्याकडे नीट लक्ष द्या. पोशाखात शारी वायझर ही अभिनेत्री वावरते, चेहरा मात्र बाहेर उभे असलेले चार जण आतल्या छोट्या मोटारी रेडिओवरून चालवून हलवतात. त्यातलाच ब्रायन हेन्सन त्याला आवाजही देतो. पाच माणसं मिळून एक बुटका! साराच्या हातात ते मंतरलेलं पीच देताना त्याच्या तोंडावर जी अपराधी कळा येते, ती बघताना मोटारी वगैरे काही आठवत नाही. समोर खरोखर कुणीतरी उभं असल्यामुळे सारा झालेल्या जेनिफर कॉनेलीची नजरही कुठे भिरभिरत नाही.

गॉब्लिनांचा राजा झालेल्या डेव्हिड बोवीच्या बोटांवरून काचेचे गोळे फिरतात ना, ते हातही त्याचे नाहीत. मायकल मोशेन हा हातचलाखीचे खेळ करणारा कलाकार त्याच्या मागे दडून, पुढचं काही दिसत नसताना, निव्वळ स्पर्शाच्या अंदाजाने ते फिरवत होता. मला अजूनही तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघावासा वाटतो.

गंमत म्हणजे सुरुवातीला उडणारं घुबड तेवढं संगणकावर केलेलं आहे. त्या काळी ते फार पुढचं काम होतं, पण आज सगळ्यात जुनं दिसतं तेच.

मुलं अगदी लहान असतील तर स्वतःची डोकी काढून फेकणाऱ्या लाल प्राण्यांच्या वेळी जवळ बसा.

आणि सारा खोल विवरात पडते, तिथे भिंतीतून आलेले हात एकमेकांत गुंतून डोळे, नाक, तोंड बनवतात आणि बोलायला लागतात. तिथे चित्रपट थांबवा आणि मुलांना तसा चेहरा करून बघू द्या. माझ्या मुलीने दोन्ही मुठी जोडून ओठ केले आणि डोळ्यांसाठी माझे हात मागितले.